हिवाळ्याच्या सुट्टीत घर बदलताना: घरीच शिकणाऱ्या कुटुंबांसाठी कमी खर्चाचा मार्ग

मुलं घरीच शिकत असली की घर जास्त झिजतं. दिवसभर कोणी जमिनीवर नकाशा पसरून बसलेलं असतं, कोणी जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत असतं, खिडकीच्या कट्ट्यावर बाटलीत कसलं तरी बी रुजत असतं. वर्ष-दोन वर्षांत भिंती मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंत कळकट होतात, पुस्तकांच्या फळ्या वाकतात, आणि पट्टी-कात्री शोधण्यात निम्मी सकाळ जाते. अशा वेळी हमखास एक विचार डोक्यात येतो: एक खोली मोकळी करू, तिथे टेबल, खुर्ची, फळा, कपाट ठेवू, म्हणजे शिस्त लागेल.

त्या विचाराला थोडं थोपवा. घरात शाळेची प्रतिकृती उभारलेली खोली पहिले काही दिवस वापरली जाते, आणि मग तिथे इस्त्रीचे कपडे साठायला लागतात. आमच्यासकट बऱ्याच घरांत मी हेच पाहिलंय. मुलं जिथे आपणहून बसतात ती जागा सुधारायला खर्च कमी येतो आणि ती वापरातही राहते. खालचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे. रंगकाम किंवा सुतारकाम कधी केलं नसेल तरी चालेल. मात्र क्रम मोडू नका. पैसे बहुतेक वेळा क्रम मोडल्यानेच जास्त जातात.

१. आधी सुट्टी खरोखर जाहीर करा

होमस्कूलिंगमध्ये सुट्टी हळूहळू विरून जाते. रोज थोडं शिकणं, रोज थोडं खेळणं, त्यामुळे मुलांना वेगळी सुट्टी कशाला, असं वाटतं. सुट्टी मुलांपेक्षा तुम्हाला हवी असते. शिवाय हिवाळ्यात शाळेत जाणारे मित्र आणि मावस-चुलत भावंडंही मोकळी असतात. ते दिवस वह्या पुढे ढकलण्यात घालवले, तर मुलं तुम्हाला माफ करणार नाहीत.

तारखा कागदावर लिहून भिंतीला लावा. काय बंद राहणार ते लिहा: वह्या, ऑनलाइन तास, उजळणी. काय चालू राहणार तेही लिहा. आमच्याकडे फक्त रात्रीचं मोठ्याने वाचन चालू राहतं. घराचं काम सुट्टीच्या पहिल्या भागात घ्या आणि शेवटचे दिवस पूर्ण रिकामे ठेवा. उलट केलंत तर सुट्टी संपते तेव्हा घर अर्धवट रंगवलेलं असतं आणि सगळे थकलेले असतात.

पाहुणे येणार असतील तर काम त्यांच्या आधी संपवा किंवा ते गेल्यावर सुरू करा. आणि एका वेळी एकच खोली काढा. निजायची एक जागा आणि स्वयंपाकघर कायम वापरण्यासारखं राहिलं पाहिजे. दोन खोल्या एकदम उपसल्या की चिडचिड सुरू होते आणि त्या चिडचिडीत माणूस वाट्टेल त्या वस्तू विकत घेतो.

२. काम सुरू करण्याआधी आठवडाभर घर नुसतं बघा

चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा काढा. १ सेंटिमीटर म्हणजे ५० सेंटिमीटर असं प्रमाण धरलं, तर ४ मीटर बाय ३ मीटरची खोली कागदावर ८ बाय ६ सेंटिमीटरची येते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे काम सहज जमतं, आणि मोजपट्टीचं एक टोक धरायला धाकटं भावंड लागतंच.

नकाशा दारामागे लावा. मूल जिथे बसून वाचेल, लिहील, काही जोडेल, तिथे त्या-त्या वेळी पेन्सिलीने एक ठिपका. प्रत्येक मुलाचा रंग वेगळा. आठवड्याने ठिपक्यांचे पुंजके दिसायला लागतात. लहान मुलांचे पुंजके बहुधा मोठं माणूस जिथे काम करतं त्याच्या आसपास असतात, बहुतेकदा स्वयंपाकघराच्या दाराशी. तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांना बंद होणारं दार हवं असतं, मग ती जागा कितीही लहान असो. म्हणून एकाच खोलीत सगळ्यांची सोय करण्याचा हट्ट सोडा.

याच आठवड्यात उन्हाकडेही लक्ष द्या. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, त्यामुळे ऊन खोलीत फार आतपर्यंत येतं. उत्तर गोलार्धात राहत असाल तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मध्यान्हीच्या सूर्याची उंची काढायला सोपा हिशेब आहे: ९० अंशांतून तुमचा अक्षांश आणि आणखी साधारण २३.५ अंश वजा करा. ४० अंश अक्षांशावर उत्तर येतं २६.५ अंश. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटरवर असली, तर दक्षिणेकडच्या खिडकीतून आलेलं मध्यान्हीचं ऊन सुमारे ४ मीटर आत जातं. जूनमध्ये त्याच खिडकीतून ते जेमतेम ६० सेंटिमीटर आत येतं. २० अंश अक्षांशावर हिवाळ्यातलं ऊन २ मीटरच्या थोडं अलीकडेच थांबतं. दक्षिण गोलार्धात हिवाळा जून-जुलैत असतो आणि खिडकी उत्तरेची धरायची.

याचा अर्थ असा, की डिसेंबरात जिथे ऊन थेट डोळ्यावर येतं म्हणून तुम्ही टेबल हलवाल, तिथे उन्हाळ्यात मुळीच त्रास नसेल. जड कपाट किंवा भिंतीत ठोकायची फळी फक्त हिवाळ्याच्या उन्हावरून ठरवू नका. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उन्हाची कड जमिनीवर खडूने आखून ठेवली, की मुलांना पुढचे सहा महिने ती सरकताना बघता येते.

३. कागदपत्रं आणि हिशेब

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एका संध्याकाळी उरकतो. एका फाइलमध्ये एवढं असू द्या:

- घर भाड्याचं असेल तर रंग, खिळे आणि ड्रिलसाठी घरमालकाची लेखी परवानगी. तोंडी होकार अनामत परत मागायच्या वेळी उपयोगी पडत नाही.
- सगळ्या भिंतींचे आणि फरशीचे आधीचे फोटो, तारीख दिसेल असे.
- नकाशा आणि मापं: दारं, खिडक्या, जिना आणि लिफ्टची रुंदीसुद्धा. जुनं कपाट स्वस्तात मिळालं आणि जिन्यात अडकलं, अशी घरं कमी नाहीत.
- खर्चाची वही. एकूण रकमेतला साधारण दहावा हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढा, कारण भिंत खरवडल्यावर आतून काय निघेल ते आधी कळत नाही.
- मुलांच्या शिक्षणाची नोंदवही. होमस्कूलिंगचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. कुठे नोंदणी, कुठे वार्षिक तपासणी, कुठे बाहेरून परीक्षा. तुमच्याकडे नोंदी दाखवाव्या लागत असतील तर या कामाचे फोटो, मापं आणि हिशेब त्यात ठेवता येतात. त्यासाठी तारखा घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

हिशेबाची वही मोठ्या मुलाच्या हातात द्या. पैसे किती आहेत हे मुलांपासून लपवून काटकसर शिकवता येत नाही.

४. रिकामं करा, पण मुलांना विचारून

ज्या कोपऱ्यात ठिपके सर्वांत दाट आहेत तिथून सुरुवात करा. सगळं सामान जमिनीवर काढा आणि चार ढीग करा: रोज लागणारं, कधीतरी लागणारं, दुरुस्त करायचं, जाणारं. "बघू नंतर" नावाचा पाचवा ढीग आपोआप तयार होतो. त्याला खोक्यात बंद करून वर तारीख लिहा. सहा महिन्यांत उघडलं नाही तर ते "जाणारं"मध्ये गेलं.

इथला मोठा सापळा म्हणजे मुलांच्या पाठीमागे त्यांच्या वस्तू टाकणं. मोडकी चाकं, दगड, दोऱ्याची रिळं आपल्याला कचरा वाटतात. मुलाला एक ठरावीक आकाराचं खोकं द्या. त्यात मावेल ते त्याचं, त्यावर चर्चा नाही. वह्या आणि चित्रांसाठी प्रत्येक वर्षाची एक जाड फाइल ठेवा. मोठ्या कलाकृतींचे फोटो काढून मूळ वस्तू सोडून द्यायला बहुतेक मुलं तयार होतात, पण निर्णय त्यांचा हवा.

दुसरा सापळा: आवरायला सुरुवात करण्याआधीच डबे, टोपल्या आणि कप्पे विकत आणणं. किती पसारा उरणार हे माहीत नसताना आणलेले डबे स्वतःच पसारा होतात. या टप्प्यावर काहीही विकत घ्यायचं नाही, अगदी स्वस्त मिळालं तरी.

५. फुकटात होणारे बदल आधी उरका

सामान नुसतं हलवून जेवढं घर बदलतं तेवढं रंगानेही बदलत नाही, असं माझं मत आहे. नकाशाच्या प्रमाणात फर्निचरचे कागदी तुकडे कापा आणि आधी कागदावर हलवून बघा. पाठीचे हाल वाचतात.

*टेबल आणि खुर्ची.* मूल बसलं की तळपाय जमिनीवर सपाट, आणि कोपर काटकोनात वाकवलं की हात टेबलाच्या पृष्ठभागावर सहज टेकले पाहिजेत. खांदे वर उचलले जात असतील तर टेबल उंच आहे. नवं टेबल घेऊ नका. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बसण्याची उंची वाढवा आणि लटकणाऱ्या पायांखाली लाकडी ठोकळा किंवा पक्कं खोकं द्या. मूल वाढेल तसा ठोकळा बदलत जाईल. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७च्या जानेवारीत रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. मुलांच्या मापाचं हलकं फर्निचर आणि हाताला येतील अशा बुटक्या मांडण्या हा त्यांच्या पद्धतीचा कणा आहे. त्यासाठी महागडं "मॉन्टेसरी" फर्निचर लागत नाही. उंच कपाटातला खालचा खण मुलांना मोकळा करून दिला, तरी निम्मं काम होतं.

*उजेड.* उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. दोन्ही प्रकारची मुलं असतील तर टेबल खिडकीला काटकोनात लावून एकेकाला समोरासमोरच्या बाजूंना बसवा. हिवाळ्यात लवकर अंधारतं, म्हणून दिव्याचा विचार आत्ताच करा. बल्ब घेताना वॅटऐवजी लुमेन बघा. उजेड किती पडतो ते लुमेन सांगतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: लिहिण्या-वाचण्याच्या जागी ४००० केल्विनच्या आसपासचा पांढरा उजेड आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. छताला एक प्रखर दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात वेगळा टेबल लॅम्प बरा.

आता दोन दिवस काहीही न करता त्या जागेत राहून बघा. पुष्कळदा इथेच काम संपतं, आणि पुढच्या पायऱ्यांची गरज पडत नाही.

६. भिंत

सगळं घर रंगवू नका. ज्या कोपऱ्यात मुलं बसतात तिथली एक भिंत, फार तर दोन. पण त्याआधी तीन तपासण्या.

पहिली ओलीची. पोपडे सुटलेत, पांढरी पावडर आलीय किंवा काळे ठिपके आहेत, तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. ओल्या भिंतीवर मारलेला रंग काही महिन्यांत सुटतो. बुरशी साफ करताना ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा.

दुसरी जुन्या रंगाची. घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. मुलांच्या शरीरात शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही, आणि कोरडं घासलं की तीच धूळ घरभर जाते. शंका असेल तर तपासणी करून घ्या. तोवर ती भिंत घासू नका, खरवडू नका, जाळून काढू नका.

तिसरी सोपी आहे. ओलं फडकं भिंतीवर चोळा. फडक्याला रंग लागला तर तो साधा डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर थेट इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, धरत नाही. तो खरवडून, पुसून, प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) हात दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती रंग लागेल? खोलीची परिमिती गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. ४ बाय ३ मीटरची आणि ३ मीटर उंचीची खोली असेल तर १४ × ३ = ४२ चौरस मीटर. दार साधारण २ आणि खिडकी दीड चौरस मीटर धरली तर ३८.५ उरतात. दोन हातांचे ७७. गुळगुळीत, तयार भिंतीवर १ लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतं. नेमका आकडा डब्यावर असतो. म्हणजे पूर्ण खोलीला जवळपास ८ लिटर. फक्त ४ मीटरची एक भिंत घेतली तर अडीच लिटरांत भागतं. मी एकच भिंत का म्हणते ते या आकड्यांत दिसेल.

लागणारं सामान: पोपडे काढायची पत्री, पुट्टी, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, रोलर आणि ट्रे, कडांसाठी अडीच इंची ब्रश, मास्किंग टेप, जुन्या चादरी, बादली, धुळीचा एन-९५ मास्क, चष्मा, पक्की शिडी. रोलरचा दांडा आणि शिडी शेजारून मागून आणा. ब्रश मात्र अगदी स्वस्तातला घेऊ नका, त्याचे केस भिंतीला चिकटून राहतात.

क्रम असा: पोपडे काढा, भेगांत पुट्टी भरा, वाळू द्या, आधी १२० आणि मग २२० नंबरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. कडा आधी ब्रशने घ्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. कडा वाळल्यावर रोलर लागला की चौकट उमटते. एकाच रंगाचे दोन डबे असतील तर दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र करा, छटेतला फरक भिंतीच्या मधोमध दिसणार नाही. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी काढा. दोन हातांच्या मधल्या वेळेत रोलर धुवायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवला की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो.

हिवाळ्यासाठी वेगळं सांगायला हवं. तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर पाण्यात मिसळायच्या बहुतेक रंगांचा थर नीट जमत नाही. नुसती हवा नव्हे, भिंतही फार गार नसावी लागते, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि दुपारी हात थांबवा, म्हणजे रात्रीच्या गारव्याआधी वाळायला वेळ मिळतो. लवकर वाळावं म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा गॅसचा हीटर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी उघडी ठेवा, अंगात स्वेटर घाला, आणि त्या खोलीत मुलांना रात्री झोपवू नका.

फळ्याचा काळा रंग लावणार असाल तर तो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, मोठ्यांच्या नव्हे. तीन दिवस वाळू द्या. मग खडू आडवा धरून अख्ख्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ही पायरी टाळली तर पहिल्यांदा लिहिलेली अक्षरं कायमची दिसत राहतात.

७. जुनं फर्निचर

घरातल्या वस्तू आधी बघा. आवाज करणारी खुर्ची बहुतेकदा फक्त सैल असते. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडी गोंद लावलेल्या, गूल काढलेल्या आगकाड्या ठोका, गोंद वाळू द्या, कड सपाट कापा, आणि स्क्रू पुन्हा बसवा. अडकणाऱ्या खणाच्या कडांना मेणबत्ती घासा. दार अडकतं म्हणून हिवाळ्यात रंधा मारायचा असेल तर थोडी फट राखा. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलेलं असतं आणि दमट दिवसांत ते फुगतं.

पुस्तकांच्या फळ्यांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण घरीच शिकणाऱ्यांकडे पुस्तकं हेच सर्वांत जड सामान. एक मीटर रांग सहज २५-३० किलो भरते. फळी दोन टोकांवर टेकलेली असून पूर्ण भरली असेल, तर तिची लांबी दुप्पट केल्यावर बाक सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे वाकलेली फळी बदलण्यापेक्षा तिच्या मधोमध उभा लाकडी आधार देणं स्वस्त आणि जास्त उपयोगाचं. १८ मिलिमीटरच्या फळीला साधारण ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर आधाराशिवाय सोडू नका. भुशाच्या दाबलेल्या फळ्या प्लायवूडपेक्षा लवकर वाकतात आणि एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. मुलांना पट्टी आणि पुस्तकं देऊन हा प्रयोग करायला सांगा, सोळापटीवर त्यांचा विश्वास बसणार नाही.

छातीपेक्षा उंच प्रत्येक कपाट भिंतीला कोन-पट्टी आणि स्क्रूने बांधा. मुलं खणांवर चढतातच. जड पुस्तकं खाली, हलकी वर. ड्रिल करण्याआधी भिंतीच्या आतून वीज किंवा पाण्याचा पाइप जात नाही ना ते बघा. स्विचच्या थेट वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नका. फळी सरळ बसली का हे पाणसळीने तपासा, डोळ्यावर भरवसा ठेवू नका.

जवसाचं तेल लावून लाकूड सुरेख दिसतं, पण तेल पुसलेले बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. बाहेर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

८. खरेदी, सर्वांत शेवटी

आता यादी करा. ती अपेक्षेपेक्षा लहान निघेल. नवंच घ्यायचं: बल्ब, वायरी आणि प्लग, स्क्रू, पुट्टी, मास्क. जुनं चालेल: टेबल, लाकडी खुर्च्या, मांडण्या, लॅम्पचा सांगाडा (वायर बदलून), पडदे. जुन्या गाद्या आणि कापडाने मढवलेले सोफे टाळा, शिवणीत ढेकूण असतील तर ते स्वस्त पडत नाही. जुनं लाकूड घेताना खालची बाजू बघा. बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला तर कीड चालू आहे.

९. मुलांना खरं काम द्या

चार-पाच वर्षांचं मूल चादर अंथरतं, स्क्रू आकारानुसार लावतं, भिंतीचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसतं. आठच्या पुढे मोजमाप, टेप लावणं, प्रायमरचा हात. बाराच्या पुढे हिशेब, रोलर, मोठ्याच्या देखरेखीखाली स्क्रू बसवणं. शिडीवरचं काम, ब्लीच, थिनर आणि घासण्याची धूळ मोठ्यांकडेच राहू दे.

काम मुलांकडे दिलं की ते वेळाने होईल आणि थोडं वाकडं होईल. त्यांनी रंगवलेली भिंत रात्री गुपचूप पुन्हा रंगवू नका, त्यांना कळतं. दिसायला नीटच हवी अशी जागा तुम्ही घ्या आणि त्यांना कपाटाच्या आतल्या बाजू, स्टुलं, मागची भिंत द्या.

आणि प्रत्येक गोष्टीचा धडा करू नका. क्षेत्रफळाचा हिशेब कामासाठी लागला म्हणून झाला, एवढंच. "मग आज आपण काय शिकलो?" असं विचारलं की मूल ब्रश खाली ठेवतं, आणि त्याचं बरोबर आहे. सुट्टी आहे ना.

१०. पुन्हा रोजचं सुरू करताना

पहिल्या आठवड्यात अर्धाच अभ्यास ठेवा. नवीन जागेत कोणी बसत नसेल तर सक्ती करू नका, महिनाभर थांबा. नंतर ठिपक्यांचा नकाशा पुन्हा लावा आणि टेबल जिथे हवं तिथे सरकवा. भिंतीला बांधलेली उंच कपाटं सोडली, तर हलवता येईल असंच फर्निचर ठेवायचं, ते याचसाठी.

शिक्षणाची नोंदवही याच आठवड्यात भरून टाका, नंतर मापं आठवत नाहीत. आधीचे आणि नंतरचे फोटो, रंगाचा हिशेब, खर्चाच्या पानाची प्रत आणि मुलाने स्वतः लिहिलेल्या चार ओळी, एवढं पुरेसं आहे. उरलेला रंग लहान बरणीत काठोकाठ भरा, कारण वर हवा राहिली की साय धरते. वर खोली, भिंत, रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून गार होऊन गोठणार नाही अशा जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही तिथे ठेवा. थिनर आणि धुतलेल्या ब्रशचं तेलकट पाणी मोरीत ओतू नका. झाकणाच्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्या.